अनोळखी वावर

जानेफळ
३ नोव्हेंबर

चि. हरिओम,

मी स्टुलावर चढून कॅमेऱ्याच्या डोळ्यावर तुझ्या आईच्या लुगड्याची चिंधी बांधत होतो, तेवढ्यात तू त्याच्यातून बोललास. "बाबा, पडाल. खाली उतरा." मी पडलो नाही. उतरलोही नाही. गाठ मारली, मग उतरलो. चिंधीच्या आतून तू दोनदा हॅलो म्हणालास. तुझी आई आतून ओरडली, "आवं, पोरगं बोलून राह्यलं, त्याचं तोंड काऊन बांधता?" मी म्हणालो, तोंड नाही, डोळा.

मग फोन वाजत राहिला. तो बंद करून ज्वारीच्या कोठीत ठेवला आहे. तू दिवाळीत ओसरीवर कॅमेरा लावलास, बैठकीत बोलणारा डबा ठेवलास, आणि म्हणालास की कॅमेरा, डबा आणि फोन हे तिघं एकमेकांशी बोलतात. त्यांचं बोलणं शेवटी तुझ्याकडे पोचतं. म्हणून कागदावर लिहितो.

सरळ विचारतो. वावर कोणाला दिलंस?

चार एकर शेत माझ्या नावावर आहे. माझे गुडघे गेल्यापासून जब्बार ते बटईने करतो. अर्धं त्याचं, अर्धं आपलं. आमच्यात कधी कागद झाला नाही. आठवड्यापूर्वी तो हरभऱ्याच्या बियाण्याचं बोलायला आला होता. तो आला आणि डबा बोलला, की वावर परक्याचं आहे. आम्ही दोघांनी ऐकलं. जब्बार म्हणाला, "भगवंता, हे काय म्हनते बे?" मी म्हणालो, मशीन आहे, बरळते. तो बाजेवर बसला. उठून निघाला तेव्हा डबा म्हणाला, वावर संपलं.

आता जब्बारचा निरोप आला आहे, शेजारच्या उकंडरावाच्या तोंडून. "मी पेरतो, आन् उद्या नवा मालक येऊन म्हनल निघ, तं मंग काय करू? आधी पोराले विचार." हरभरा पेरायचे दिवस आहेत. जमिनीत ओल आहे तोवर बी पडलं पाहिजे. जब्बार थांबला आहे, पण किती थांबेल?

मे महिन्यात तू सातबारा मागितलास. दिवाळीत वावरात जाऊन चारही बांधांचे फोटो काढलेस. तेव्हा मी विचारलं नाही. डब्याला ठाऊक आणि बापाला नाही, असं काही तू केलं असशील तर लिही.

भगवंतराव

●

पुणे
७ नोव्हेंबर

ती. बाबा,
सा. न.

पत्र मिळालं. फाटकावरच्या माणसाला ते कसली तरी जाहिरात वाटली होती. उत्तर लिहायला घरात एकच पेन निघालं, मयुरीच्या पर्समध्ये. अर्ध्या पानातच हात दुखायला लागला आहे.

वावर मी कोणालाही दिलेलं नाही. विकलेलं नाही, विकायचं मनातही नाही. सातबारा शेतकरी ओळखपत्राच्या नोंदणीसाठी हवा होता, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. फोटो नव्या फोनसाठी काढले. लांबचं झाड त्यात कसं येतं ते पाहायचं होतं. आपल्या चारही बांधांवर झाडं आहेत. इथे माझ्या खिडकीतून इतकं लांबचं काही दिसत नाही.

आणि डबा असं बोलूच शकत नाही. आपल्याला वावर आहे हेच त्याला माहीत नाही. हवामान, भजनं, आणि दारात कोण आलं, एवढंच त्याला येतं. मी माझ्या फोनवर सगळं इंग्रजीत वाचतो. तुमच्यासाठी त्याची भाषा मी मुद्दाम मराठी केली.

तुम्हाला वस्तूंचा संशय येतो, मला माणसांचा. वस्तूला कोणाकडून काही घ्यायचं नसतं. माझं घड्याळ सकाळी सांगतं की मी नीट झोपलो नाही. मयुरी म्हणते, "हे कळायला घड्याळ कशाला? आरशात बघ ना." पण आरसा कालचं लक्षात ठेवत नाही. आमच्याकडे केर काढणारं एक यंत्र आहे. पलंगाखाली अडकलं की ते सरळ सांगतं, मी अडकलो, मला काढा. घरात असं सांगणारं ते एकटंच. तुमचा गुडघा इतका दुखतो हे तुम्ही मला कधी सांगितलंत? पायरी चढताना तुम्ही खांबाला धरता, हे मला कॅमेऱ्याने सांगितलं. नवीन वस्तू खोक्यातून काढताना मला लहान मुलासारखं होतं, यावर मयुरी हसते. हसू दे. माझ्या घरातली एकही वस्तू मला आजवर फसवून गेलेली नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे येतं कोण?

उकंडरावकाका येतात. त्यांचा चेहरा मी दिवाळीतच नोंदवला. पण एक टोपीवाला माणूस आहे. कॅमेरा उंचावर असल्यामुळे मला फक्त पांढरी टोपी आणि खांदे दिसतात. मी सगळं बघत बसत नाही, फोनवर सूचना आली की बघतो. पिशवीतून काहीतरी काढून तो फाटकाच्या आत ठेवतो आणि हाक न मारता जातो. मला हे बरं वाटलं नाही. दुसऱ्यांदा दिसला तेव्हा मी कॅमेऱ्यातून विचारलं, "कोण आहे? काय पाहिजे?" त्याने वर पाहिलं नाही. निघून गेला. सरळ माणूस उत्तर देतो.

त्याच दिवसांत तुमच्या कानावर वावराचं हे आलं. बाबा, जमिनीचे दलाल असेच येतात. आधी भाजीपाला, फळं आणून देतात, मग घरात भांडण लावतात, मग कागद पुढे करतात. कशावरही सही करू नका. उकंडरावकाकांना मी फोन केला होता. ते म्हणाले, "तुह्यावर तापून हायेत ते, मी मधात पडत नाही." ते का पडत नाहीत, हेही मला कळत नाही.

डबा नेमकं काय बोलला? तुम्हाला काय वाटलं ते नको. शब्दाला शब्द लिहा. आणि चिंधी सोडा.

आपला,
हरिओम

●

जानेफळ
११ नोव्हेंबर

चि. हरिओम,

तो टोपीवाला जब्बार आहे.

डोक्यावरचे केस गेल्यापासून तो टोपी घालतो. पिशवीत वांगी असतात. डब्याचं बोलणं ऐकल्यापासून तो आत येत नाही, पण वांगी ठेवून जातो. सायकलच्या दांडीवर बसवून तुला शाळेत नेणारा हाच माणूस. तू पुढच्या चाकात पाय घातलास तेव्हा स्वतःचा सदरा फाडून त्याने तो बांधला होता.

आम्ही म्हणतो, जब्बारला काय झालं. तो हाक का मारत नाही. काल उकंडरावाला पाठवून विचारलं. निरोप आला, "पोरानंच इचारलं मले, कोण हाय, काय पाह्यजे. आवाज वळखला मी त्याचा. वर काय पाहू?"

तुझ्या सांगण्यावरून डबा लावला, चिंधी सोडली आणि परीक्षा घेतली. उकंडराव बाहेर जाऊन आत आला. डबा म्हणाला, "उकंडराव आले." तो खूश झाला. म्हणाला, "मह्यं नाव किती साजरं घेते!" मग तुझी आई गेली. "रुक्मिणीबाई आल्या." मग मी तिला म्हणालो, आता तोंडावर पदर ओढून ये. ती म्हणाली, "या वयात?" पण गेली. पदर हनुवटीपर्यंत ओढून फाटकातून आली, तुळशीला धडकली. तेव्हा डबा बोलला. शब्दाला शब्द लिहितो.

"दारात अनोळखी वावर आढळला."

ती परत फाटकाबाहेर गेली. डबा म्हणाला, "वावर संपला."

तुझी आई पदर वर करून हसायला लागली. "घ्या, आता मीबी अनोळखी." मला हसू आलं नाही. मी विचार केला. ओळखीचा आला की डबा त्याचं नाव घेतो आणि गप्प राहतो. अनोळखी आला की वावर काढतो. म्हणजे वावराची बातमी अनोळख्यासाठीच आहे. परका माणूस फाटकात आला की डबा त्याला गिऱ्हाईक समजतो आणि जाहिरात करतो. उकंडरावालाही पटलं. "आवं, आता समदं ऑनलाइन इकते. म्हशीचा फोटो टाकला का म्हैस इकते. वावराचे तं चार फोटो नेले त्यानं."

वावर संपलं म्हणायच्या ऐवजी संपला म्हणतो. परमुलुखातलं मशीन आहे, त्याचं मराठी कच्चं आहे, तिकडे मी लक्ष देत नाही.

तू लिहितोस, विकलं नाही. तुझ्यावर विश्वास ठेवावा असं वाटतं. पण तू ज्या वस्तूवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतोस तीच हे बोलते. आता दोघांत खोटं कोण, ते तू सांग. वस्तू खोटं बोलत नाहीत असं तुझंच पत्र म्हणतं.

तुझी आई म्हणते लिहा, म्हणून लिहितो. "डब्यानं काल सांगतलं पाऊस नाही, आन् माह्या मुगवड्या भिजल्या. त्याचं कायी खरं नको धरू. दोघं बाप-लेक मशीनीवरून भांडून नका राहू."

वावरात गवत वर येत आहे. लवकर लिही.

भगवंतराव

●

पुणे
१५ नोव्हेंबर

ती. बाबा,
सा. न.

तुमचं पत्र मी जिन्यातच उघडलं. ते वाक्य वाचलं आणि मोठ्याने हसलो. वर मयुरीने दार उघडून पाहिलं. मग जब्बारकाकांचं आठवलं आणि हसू थांबलं.

बाबा, डबा वावराबद्दल बोलत नाही. तो जो वावर म्हणतो तो पुल्लिंगी आहे. वावर म्हणजे वावरणं. जाणं-येणं, हिंडणं-फिरणं. माझ्या फोनवर इंग्रजीत लिहून येतं, दारात हालचाल. कंपनीने त्याचं मराठी कोणाकडून तरी करून घेतलं, त्याला आपल्याकडचं वावर ठाऊक नसणार. मला ठाऊक होतं. पण डब्याची भाषा मराठी करताना तो काय बोलेल हे मी ऐकलं नाही. मी दिवाळीत होतो तेव्हा दारात सगळे ओळखीचेच येत होते आणि तो नुसती नावं घेत होता. तुम्हाला सोपं व्हावं म्हणून केलं आणि हे झालं.

दारात अनोळखी वावर आढळला, म्हणजे ज्याचा चेहरा नोंदवलेला नाही असं कोणीतरी दारात आलं. वावर संपला, म्हणजे ते गेलं. एवढंच. मी सगळ्यांचे चेहरे नोंदवले त्या दिवशी जब्बारकाका सोयाबीन काढत होते, त्यांचा राहिला. हे त्यांना लगेच सांगा. मीच सांगितलं असतं, पण त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. माझ्या फोनमध्ये हजाराहून जास्त नंबर आहेत. मी दोनदा शोधला. त्यांना मी कधी फोन केलाच नव्हता, गावात आलो की ते असायचेच. मी "काय पाहिजे" म्हणालो, ते मनाला लागतं आहे. पुढच्या वेळी आलो की त्यांच्या घरी जाईन.

आता वावराचं मिटलं. आता तरी चिंधी सोडून ठेवा.

तुम्ही विचाराल, एवढं काय अडलं आहे? खरं सांगतो. मागच्या पत्रात मी लिहिलं की सूचना आली की बघतो. ते पूर्ण खरं नव्हतं. ऑफिसात माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात मी तुमची ओसरी उघडून ठेवतो. लहानशी चौकट असते. तुम्ही पेपर वाचता, आई काहीतरी निवडत असते. मी काम करत राहतो. दुपारी जेवणाचा डबा त्या चौकटीपुढे उघडतो, म्हणजे तुमच्याबरोबर जेवल्यासारखं होतं. तुमच्या परीक्षेची वेळ सोडली तर आता दहा-बारा दिवस त्या जागी फक्त चिंधीचं कापड दिसतं. हिरवं आहे. त्यातून उन्हाची झाक येते आणि जाते.

सोबतचे लोक देवाचा फोटो ठेवतात, मुलांचे ठेवतात. माझ्याकडे हालणारा फोटो आहे, एवढाच फरक. मला त्यातून सगळं कळतं. आई दुपारी जेवणाचं ताट झाकून ठेवते आणि खात नाही, हे मला कळलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी निघून आल्यावर, ती खांबाला टेकून रडत होती. तुम्ही तिच्याजवळ गेलात आणि काहीतरी बोललात. मी आवाज मोठा केला, पण वारा होता, नीट आलं नाही. ते मी जपून ठेवलं आहे. कधीकधी लावून पाहतो. दुसऱ्या कुठल्या मुलाला आई-वडील इतके जवळून दिसत असतील?

आईला म्हणावं, मुगवड्यांचं डब्यावर ढकलू नको. त्याने बुलढाण्याचं हवामान सांगितलं असणार. गाव मीच चुकीचं टाकलं होतं बहुतेक. बघतो.

आपला,
हरिओम

●

जानेफळ
१९ नोव्हेंबर

चि. हरिओम,

शब्द कळला.

लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. पेपरात बिबट्याचा वावर असं मी कितीतरी वेळा वाचलं आहे. वाचताना कधी अडलो नाही. पत्रही मी शाळेत लावून दिलं तसंच पुस्तकी लिहितो. पण आपल्या बैठकीत कोणी वावर म्हणालं की मला पेपर आठवत नाही. काळी जमीन दिसते. जब्बारलाही तीच दिसली. तुझ्यावर वावराचा संशय घेतला, तो मागे घेतो. उकंडरावालाही सांगितलं. तो म्हणाला, "मले तं आधीच वाटलं होतं." त्याला काहीच वाटलं नव्हतं.

पण एक समज गेला आणि दुसरा आला. बिबट्या गावात शिरला की त्याच्यासाठी झाडाला कॅमेरे बांधतात. त्याचा वावर कुठे, किती, कोणत्या वाटेने, ते पाहतात. त्याला विचारून कोणी बांधत नाही. आमचा वावर तू असा पाहिलास. जब्बारचं नाव डब्यात नव्हतं. आमचं होतं. एवढाच त्याच्यात आणि आमच्यात फरक.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मुगवड्यांपर्यंत ती ऐकत होती. मग म्हणाली, रडण्याचं होतं ते पुन्हा वाचा. मी वाचलं. ती तांदूळ निवडत होती, ते सूप तिने बाजूला ठेवलं.

"त्यानं पाह्यलं?"

मी म्हणालो, हो.

"तवाच?"

हो.

"मंग त्यानं तवाच फोन करून काऊन नाही इचारलं, माय, काऊन रडतं म्हून?"

याचं उत्तर तुझ्याकडे आहे. तू दे. मला नको, तिला दे. ती का रडत होती ते मी लिहिणार नाही. तिला विचारशील तर ती सांगेल.

तू आवाज मोठा केलास, ते वाचताना मी थांबलो. त्या दिवशी मी तिला जे बोललो ते मी तिच्यासाठी बोललो होतो. जपून ठेवलं आहेस ते पुसून टाक. टाकलंस की नाही हे मला इथून कळणार नाही. तुझ्या शब्दावर राहावं लागेल, आणि मी राहीन.

कॅमेरा काढला. मी स्टुलावर चढलो नाही, तुझं ऐकलं. उकंडराव चढला. डबा आणि कॅमेरा त्यांच्याच खोक्यात, होते तसे घातले आहेत. तुझ्या आईने मधल्या जागेत जुनी चादर भरली. उद्या पोस्टाने निघतील. वस्तू चांगल्या आहेत. आमच्या घराला लागत नाहीत. तुझी हौस मला कळत नाही असं समजू नको. गावात पहिली टेबल-घड्याळं आली तेव्हा मी घरात एका शब्दाने न सांगता एक घेऊन आलो होतो आणि रात्रभर त्याच्याकडे पाहत होतो. पण ते माझ्याकडे पाहत नव्हतं.

फोन कोठीतून काढला आहे. फोन कर. वाजला की उचलू. कधी उचलला नाही तर आम्ही वावरात आहोत किंवा आम्हाला बोलायचं नाही, असं समज. माणसाला तेवढी मोकळीक असावी. आणि आमच्याबरोबर जेवायचं असेल तर ये. मयुरीलाही आण.

जब्बारला अजून सांगणं झालेलं नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्याच्या घरी गेलो. तो लेकीकडे सुलतानपूरला गेला आहे, असं सून म्हणाली. परत कधी येणार ते तिलाही सांगून गेलेला नाही. निरोपा-निरोपीनेच हे इतकं वाढलं. उद्या मी स्वतः जातो. बियाणं मी आणून ठेवलं आहे. ओल अजून थोडी आहे.

भगवंतराव

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून पुढचं लिहितो. आज सकाळी पहिल्या एस्टीने मेहकरला आणि तिथून सुलतानपूरला गेलो. जब्बार वावरातच भेटला. लेकीच्या, अलफियाच्या घरामागचं वावर त्याने बटईने घेतलं आहे. हरभरा पेरून झाला आहे. त्याला वावरचा दुसरा अर्थ समजावून सांगितला. तो म्हणाला, "येवढं सांगाले येवढे दिस लावले बे?" मग चहा दिला, एस्टीपर्यंत सोडायला आला. आपलं वावर यंदा पडीक राहील.